क्रोशाची ख्रिसमस ट्री सजावट

सुती दोऱ्याचे नाहीतर लोकरीचे हिमकण, चांदण्या, घंटा, देवदूत, गोळे असं काहीबाही क्रोशाच्या सुईने विणायचं आणि नाताळात झाडाला टांगायचं, अशी ही कला. वस्तू तळहातावर मावेल एवढीच, साधारण 5 ते 10 सेंमी, आणि वजनाला जवळजवळ काहीच नाही. आपल्याकडे किनारपट्टीवर नाताळाला सुरूची फांदी आणून सजवायची पद्धत आहे, ती फांदी मुळातच लवचिक, तिला काचेचा गोळा लावला की खाली लोंबते, क्रोशाचा हिमकण मात्र टोकाला सुद्धा छान राहतो. शिवाय पडला तर फुटत नाही, म्हणजे घरात लहान मूल किंवा मांजर असलं तरी काळजी नाही.

नाताळाचं झाड जर्मन भाषिक प्रदेशातलं, 16 व्या शतकापासूनचं. त्यावर सुरुवातीला सफरचंदं, अक्रोड, कागदाची फुलं, गोड बिस्किटं असायची. 1848 मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र छापून आलं आणि मग इंग्लंडमध्ये घरोघरी झाडं यायला लागली. आता गंमत अशी की क्रोशे सुद्धा त्याच दशकात पसरत होतं. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्याचं पीक गेलं, भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा उपाशी कुटुंबांना दोन पैसे मिळावेत म्हणून बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली गेली, त्यात कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉकच्या उर्सुलाइन नन्सचं नाव आवर्जून घेतलं जातं. क्रोशे हा शब्द फ्रेंच, अर्थ छोटा आकडा.

आज या सजावटीसाठी एकच गाव बघायचं झालं तर पोलंडच्या दक्षिणेला डोंगरातलं कोन्याकूव बघावं. तिथलं क्रोशे लग्न झालेल्या बायकांच्या डोक्यावरच्या टोपीपासून सुरू झालं, मग टेबलावरचे रुमाल, चर्चमधले कपडे, आणि नाताळासाठी चांदण्या, घंटा, देवदूत, गोळे. छोटी छोटी फुलं सुटी विणायची आणि मग ती जाळीने एकमेकांना जोडत जायचं, ही तिथली खासियत.

हिमकण हाच प्रकार सगळ्यात जास्त केला जातो, आणि सुरुवात त्यानेच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. तो म्हणजे खरं तर टेबलावरच्या गोल रुमालाचा मधला भागच. 10 किंवा 20 नंबरचा सुती दोरा घ्यायचा (नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक) आणि साधारण दीड मिमीची स्टीलची सुई. 6 साखळ्यांचं (साखळी म्हणजे एकात एक ओढलेले साधे फास) कडं करून त्यात 12 खांब (सुईला वेढा घेऊन केलेले उभे उंच टाके) घालायचे, मग दर दोन खांबांवर साखळ्यांची एक कमान अशा 6 कमानी, आणि प्रत्येक कमानीच्या टोकाला 3 साखळ्यांचा पिको, म्हणजे छोटंसं टोक. सहाच का, तर बर्फाचा स्फटिक आतून षटकोनी असतो म्हणून खऱ्या हिमकणाला सहाच बाजू असतात, अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने 1885 पासून एकेका हिमकणाचे फोटो काढले त्यात हे स्वच्छ दिसतं. आठ पाकळ्यांचे नमुने पण खूप मिळतात, दिसतात छान, पण ती चांदणी झाली, हिमकण नाही. भरीव गोल विणायचा असेल तर दर फेरीला 12 खांब वाढवायचे, कमी वाढवले तर वाटी होते आणि जास्त वाढवले तर झालर पडते, म्हणून घंटा विणताना मुद्दाम वाढवायचं थांबवतात.

पण विणून झालं म्हणजे काम झालं असं नाही, सुईवरून उतरलेला हिमकण मऊ, चुरगळलेला असतो आणि बघून वाईटच वाटतं. खरा आकार येतो तो ताठ केल्यावर. थर्मोकोलच्या तुकड्यावर प्लास्टिक पसरायचं, हिमकण खळीत बुडवून हलका पिळायचा, आणि सहा टोकं सारख्या अंतरावर ताणून गंज न चढणाऱ्या टाचण्या मारायच्या, रात्रभर वाळू द्यायचं. इथे घाई केली तर एक पाकळी कायमची वाकडी राहते. घंटा छोट्या पेल्यावर चढवून वाळवतात, देवदूताचा झगा कागदाच्या शंकूवर, आणि जाळीदार गोळ्याच्या आत फुगा फुगवून, वाळला की फुगा फोडून बाहेर काढतात. युरोपात जुन्या बायका साखरेचा पाक वापरायच्या, आपल्याकडे तो अजिबात वापरू नये, दमट हवेत चिकट होतो आणि मुंग्या लागतात. साबुदाण्याची खळ, जी सुती साडीला करतात तीच, उत्तम, कारण मळलं की धुऊन परत खळ देता येते. पाण्यात निम्मा फेव्हिकॉल घातला तर पावसाळ्यात सुद्धा ताठपणा टिकतो पण मग ते धुऊन पूर्ण निघत नाही.

लोकरीचे भरीव सांताक्लॉज, रेनडिअर वगैरे जपानी अमिगुरुमी पद्धतीचे, आत कापूस किंवा फायबर भरलेले, त्यांना खळ लागत नाही.

मराठी घरात क्रोशे नवीन नाही, दाराची तोरणं, टीव्हीवरचे रुमाल, आणि ताटाभोवती मांडायची क्रोशाची रांगोळी बहुतेकांनी पाहिलेली असते. ती रांगोळी करणाऱ्या हाताला हिमकण वेगळा शिकवावा लागत नाही, कडं, खांब, कमान, पिको सगळं तेच, फक्त रंगाऐवजी पांढरा दोरा आणि टांगायला साखळीचा एक फास.

अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. स्वेटर मशीनवर विणता येतो, पण क्रोशाचा टाका मशीनला जमत नाही, म्हणजे दुकानात दिसणारा प्रत्येक खरा क्रोशाचा हिमकण कोणीतरी बसून हाताने विणलेला असतो. आंध्रातल्या नरसापूरच्या परिसरात 19 व्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांमुळे क्रोशाची लेस आली आणि पुढे ती परदेशी जाऊ लागली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी 1982 च्या अभ्यासात दाखवून दिलं की तिथल्या बायका दिवसाचे कित्येक तास विणत असूनही त्यांना कामगार मानतच नव्हते, घरी बसून फावल्या वेळात करतात असं म्हणून मजुरी अगदी तुटपुंजी दिली जायची. त्यामुळे विकत घेताना कोणी विणलंय आणि तिला त्यातले किती मिळतात एवढं विचारावं, आणि हिमकण उलटा करून बघावा, दोऱ्याची टोकं कापून न सोडता टाक्यांत ओवून लपवलेली असतील तर तो पुढच्या डिसेंबरात पण उसवणार नाही.