गिझर पंधरा मिनिटं, गाडी नऊ तास

माझ्या टेबलावर एक जळकं सॉकेट पडलंय. 16 अँपिअरचं, पांढरं, गिझरला लावतात तसलं. फेजच्या छिद्राभोवती तपकिरी वर्तुळ, आणि त्याखाली प्लास्टिक ओघळून पुन्हा घट्ट झालंय. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमधून इलेक्ट्रिशियनने ते काढलं, त्याच आठवड्यात सर्वसाधारण सभा होती. विषय क्रमांक 7 : इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जरला परवानगी.

सभेत दोन तास बॅटरीवर भांडण झालं. ‘खाली बॉम्ब ठेवून वर झोपायचं का?’ असं एक काका म्हणाले आणि टाळ्या पडल्या. सॉकेट मी पिशवीत घालून नेलं होतं, पण ते बघायला कोणी तयार नव्हतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत माझी सगळी नोकरी विजेच्या पॅनेलांपुढे गेली. त्यामुळे असेल, पण मला बॅटरीपेक्षा या सॉकेटची जास्त धास्ती वाटते.

कारण साधं आहे. गाडीसोबत मिळणारा प्लगवाला चार्जर साधारण 15 अँपिअर ओढतो, म्हणजे 3.3 किलोवॅटच्या आसपास. तीस युनिटची बॅटरी भरायला त्याला नऊ-दहा तास लागतात. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी सैल झाली, तिच्यावर गंज चढला, की त्या सांध्यात थोडा रोध, म्हणजे विजेला अडथळा, येतो. तो फक्त 0.1 ओहम धरा. उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध : 15 गुणिले 15 गुणिले 0.1, म्हणजे 22.5 वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. तेवढी उष्णता बोटभर प्लास्टिकच्या डबीत कोंडून रात्रभर चालू ठेवायची! गिझरही बराच प्रवाह ओढतो, पण तो पंधरा मिनिटांत बंद होतो आणि सांधा थंड होतो. शिवाय सांधा तापला की गंज वाढतो, गंज वाढला की रोध वाढतो, आणि रोध वाढला की सांधा आणखी तापतो.

यावर उपाय महागडा नाही. गाडीसाठी वेगळी वायर, वेगळा एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती पकडून वीज तोडणारा स्विच), खरंखुरं अर्थिंग, आणि घरगुती सॉकेटऐवजी कारखान्यात असतं ते निळं गोल इंडस्ट्रियल सॉकेट किंवा भिंतीवरचा चार्जर. एक्स्टेंशन बोर्ड मात्र अजिबात नको.

आता काकांच्या बॉम्बकडे येऊ. त्यांची भीती पोकळ नाही, फक्त सरसकट आहे. लिथियम बॅटऱ्यांत दोन घराणी मुख्य. एकात निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट, दुसऱ्यात लोह आणि फॉस्फेट. पहिल्या प्रकारचा सेल फार तापला की त्याचं धन टोक स्वतःच ऑक्सिजन सोडू लागतं, म्हणजे सरपण आणि हवा एकाच डब्यात. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला इतका घट्ट बांधलेला असतो की तो सहजासहजी सुटत नाही. 1997 साली टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून हे रसायन पुढे आलं. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव होतं अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचं. गुडइनफ यांना 2019 मध्ये नोबेल मिळालं, पाढी यांचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही. आज भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच इलेक्ट्रिक मोटारींत हेच लोह-फॉस्फेट असतं. वजनाच्या मानाने ते वीज कमी साठवतं, पण ठाण्याच्या उन्हात मला ते परवडतं.

म्हणून आग लागतच नाही असं नाही. लागली तर ती विझवणं कटकटीचं असतं. कोरड्या पावडरने ज्वाळा दबतात, पण आतले सेल तापलेलेच राहतात आणि तासाभराने पुन्हा पेटू शकतात. तिथे भरपूर पाणीच लागतं. भारतातल्या मोटारींसाठीच्या एआयएस-038 या मानकात, एक सेल बिघडून आग पसरू लागली तर प्रवाशांना धोका पोहोचण्याच्या किमान 5 मिनिटं आधी गाडीने इशारा द्यावा, अशी अट आहे. पाच मिनिटांत माणूस उतरतो, इमारत उतरत नाही. तेव्हा बंदिस्त तळघरापेक्षा मोकळ्या स्टिल्टमध्ये, बाहेरच्या कडेला चार्जिंगची जागा द्या, हे काकांचं म्हणणं मी सभेतच मान्य केलं.

मग पावसाचा मुद्दा निघाला. तो निघणारच, 26 जुलै 2005 चा पूर पाहिलेली माणसं समोर बसली होती. गाडीच्या बॅटरीत तीनशेहून जास्त व्होल्ट असतात, पण त्या दोन्ही तारा गाडीच्या पत्र्याला कुठेच जोडलेल्या नसतात. घरात न्यूट्रल जमिनीला बांधलेली असते, म्हणून एका तारेला हात लागला की झटका बसतो. गाडीत एका तारेचा पत्र्याला स्पर्श झाला तरी सर्किट पूर्ण होत नाही, आणि गाडीचा संगणक ती गळती पकडून तक्रार करतो. अपघातात एअरबॅग उघडली की बॅटरीतले रिले, म्हणजे आतले स्विच, उघडतात आणि वीज तिथेच तुटते. आयपी67 असं लिहिलेला बॅटरीचा डबा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. पण ती चाचणी गोड्या पाण्याची. सप्टेंबर 2022 मध्ये फ्लोरिडात इयान वादळाने समुद्राचं पाणी घरांत शिरलं, आणि नंतर काही इलेक्ट्रिक गाड्या उभ्या-उभ्या पेटल्या. मीठ वीज चांगली वाहून नेतं, वाळल्यावरही मागे राहतं. कळवा असो की वाशी, उधाणाच्या भरतीला पावसाने गाठलं की रस्त्यावर चढणाऱ्या पाण्यात खाडी मिसळलेली असते. अशा पाण्यात बुडालेली गाडी चार्जिंगला लावू नका, मोकळ्या जागी ठेवा आणि टो करून न्या.

पैशाचा हिशेब मी फळ्यावर मांडला. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते. त्यावर पेट्रोल गाडी 15 किलोमीटर जाते. बाकीची बरीचशी ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. तेवढ्याच युनिटांत इलेक्ट्रिक गाडी साठच्या पुढे जाते. लिटर 104 रुपये आणि युनिट 10 रुपये धरू. वर्षाला 12,000 किलोमीटर चालवणाऱ्याचे 66,000 रुपये वाचतात. गाडी साडेतीन लाखांनी महाग असेल, तर फरक पाच-सहा वर्षांत भरून निघतो. वर्षाला 5,000 किलोमीटरच होत असतील, तर बारा-तेरा वर्षं. फक्त शनिवारी मॉलला जाणाऱ्याने पेट्रोलच घ्यावं, हे मी स्पष्ट सांगितलं आणि दोन इलेक्ट्रिकवाले माझ्यावर रुसले.

एक मजेशीर गोष्ट घोडबंदरचीच. कोंडीत दहाच्या वेगाने सरकताना 100 किलोमीटरला दहा तास लागतील. एसी तासाला एक युनिट खातो, म्हणजे दहा युनिट. तेवढ्या अंतरात चाकांनाही साधारण तेवढीच वीज लागते. म्हणजे गायमुखच्या रांगेत निम्मी वीज गारव्यात जाते. अटल सेतूवर उलटा खेळ. 80 वरून 100 वर गेलात की हवेचा अवरोध दीडपटीहून जास्त होतो आणि रेंजचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो.

सवलतींबद्दल बराच गोंधळ आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या 10,900 कोटींच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी मोटारीला एक रुपयाही नाही. कर्जाच्या व्याजावरची दीड लाखांची वजावट 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू होती. उरतो तो कर. इलेक्ट्रिकवर जीएसटी 5 टक्के, पण सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि अंतर घटलं. 12 लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 12 टक्क्यांनी 1.44 लाख रुपये वाहन कर पडतो, इलेक्ट्रिकला तो माफ. अटल सेतूवर टोलही माफ. माझं मत विचाराल तर टोलमाफीचे पैसे जुन्या सोसायट्यांची वायरिंग बदलायला द्यायला हवे होते.

शेवटी ठराव झाला. अट एकच : वायर मीटर रूमपासून स्वतंत्र, घरच्या किंवा वेगळ्या मीटरवर, सामायिक मीटरवर नाही. मग 94 नंबरच्या स्लॉटचा प्रश्न आला. तो मीटर रूमपासून 60 मीटर लांब. 32 अँपिअरच्या चार्जरला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली तर जाऊन-येऊन 120 मीटरमध्ये सतराएक व्होल्ट वाटेतच गळतात, दहाची टाकली तर सात. दहाची केबल अर्थातच बरीच महाग. 94 वाल्यांचं म्हणणं, लांबचा स्लॉट सोसायटीने लॉटरीत दिला, मग केबलही सोसायटीनेच द्यावी. विषय पुढच्या सभेवर गेला.