सीएसाठी एम.एस. (महाराजा सयाजीराव) विद्यापीठाचं बी.कॉम. लागतंच का?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत अजून ऐकू येतं: ‘सयाजीरावला कॉमर्समध्ये नंबर लागला नाही, आता कसला सीए!’ हे साफ चूक आहे. सीए करते आयसीएआय, म्हणजे सनदी लेखापालांची राष्ट्रीय संस्था; विद्यापीठ नव्हे.

बारावीनंतर थेट फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, देता येतं, शाखा कुठलीही चालते. नोंदणी मात्र परीक्षेच्या किमान चार महिने आधी हवी. चार पेपर, प्रत्येकात 40 टक्के आणि एकूण 50. घसरगुंडी होते ती तिसऱ्या-चौथ्या पेपरात: चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणजे चार ठोकताळे चुकले की एक बरोबर उत्तर पाण्यात.

पदवीचे गुण मोजले जातात ते फाउंडेशन टाळून थेट इंटरला, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या परीक्षेला, जाणाऱ्यांचे. कॉमर्सला 55 टक्के, इतरांना 60. तिथेही विद्यापीठाचं नाव कोणी विचारत नाही. पण इंटरच्या पेपरांचे दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय आता आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसातलं प्रशिक्षण, सुरू होत नाही, आणि ती दोन वर्षांची असते.

म्हणून कॉलेज निवडताना नावापेक्षा वेळापत्रक आणि हजेरीचा नियम बघा. दुपारभर वर्ग असतील तर ऑफिसला कधी जाणार?