काम सुटलेल्या हातांची जनावरं

बेंदूर चार दिवसांवर आला की सांगलीच्या मारुती रोडला कुंभारांच्या टोपल्या दिसू लागतात. टोपलीत पेंढा आणि पेंढ्यावर मातीच्या बैलांच्या जोड्या. ज्यांच्या दारात बैल नाही ते ही जोडी घरी नेतात, पाटावर मांडतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. पूजा झाली की जोडी पोरांच्या हाती जाते आणि आठवडाभरात एखादं शिंग मोडतं. माझा संग्रह अशाच एका जोडीपासून सुरू झाला. ती जोडी आज नाही. का नाही ते पुढे येईलच.

आज कपाटात चारशेच्या वर जनावरं आहेत. वाघ, गवा, पाणघोडा, नांगी उगारलेला विंचू, तळहाताएवढा गेंडा भुंगा. सगळ्या हुबेहूब, छोट्या प्रतिकृती; हसऱ्या चेहऱ्याची कार्टूनं मी घेत नाही. घरी येणारा पाहुणा काचेपाशी थांबतो आणि हमखास विचारतो, "हा छंद मुळात कुणाचा? जपानचा की जर्मनीचा?" त्याचं उत्तर चहाच्या कपाएवढ्या वेळात देता येत नाही, म्हणून हे टिपण.

एकेका वस्तूचं मूळ शोधत गेलो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. ही जनावरं घडवणारे लोक आधी काहीतरी वेगळंच करत होते. कुणाची खाण आटली, कुणाची लढाई थांबली, कुणाच्या मालाला गिऱ्हाईक उरलं नाही. कसब हातात तसंच राहिलं आणि मग त्या हातांनी जनावरं घडवली.

जर्मनीच्या पूर्वेला, झेक सीमेला लागून एर्झगेबिर्ग नावाचा डोंगराळ मुलूख आहे. नावाचा अर्थच खनिजाचे डोंगर. शतकानुशतकं तिथे चांदी आणि कथील निघत होतं. खाणी रोडावत गेल्या तशी तिथल्या माणसांनी लाकूड हातात घेतलं. साधारण १८०० च्या सुमारास झाइफन या गावात त्यांनी एक पद्धत बसवली, तिच्याएवढी सुंदर युक्ती मी दुसऱ्या कुठल्या कारागिरीत पाहिलेली नाही. स्प्रूसच्या ओल्या खोडाची जाड चकती लेथवर चढवायची आणि ती फिरत असताना पटाशीने तिच्यात खाचा पाडत जायच्या. बघणाऱ्याला दिसतं एक उंचसखल कडं, बाकी काही नाही. मग कलिंगडाच्या फाकी काढाव्यात तशी त्या कड्याची सुरीने उभी चिरफळं करायची. प्रत्येक फाकीच्या कापावर घोडा उभा असतो, नाहीतर गाय, नाहीतर हत्ती. चकती फिरत असते तेव्हा कारागिराला तो घोडा दिसत नाही. तो लाकडाच्या पोटात असतो, आणि तो तिथे बरोबर आहे हे फक्त हाताला कळत असतं. नंतर फाकीच्या कडा घासायच्या, कान-शेपूट चिकटवायचं, रंग द्यायचा. ही जनावरं जोडी-जोडीने नोहाच्या तारवात, म्हणजे महापुरातून प्राण्यांच्या जोड्या वाचवणाऱ्या नावेच्या खेळण्यात, बसून युरोपभर गेली. बायबलमधली गोष्ट असल्यामुळे कर्मठ ख्रिस्ती घरांत रविवारीसुद्धा मुलांना हे खेळणं चालत असे.

जपानचा धागा याहून जुना. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या मोठ्या लढाया संपल्या आणि एडो काळातली लांबलचक शांतता सुरू झाली. चिलखतं घडवणाऱ्या घराण्यांकडे कसब होतं, पण लढाईची मागणी ओसरली. लोखंडाचा पत्रा ठोकून त्याचे एकावर एक सरकणारे तुकडे जोडणं हे चिलखताचं खरं काम. तेच काम म्योचिन घराण्याच्या कारागिरांनी जनावरांवर वापरलं. खवल्याखवल्याने वळणारा साप, नांग्या उघडणारा खेकडा, पाय दुमडणारा नाकतोडा. या प्रकाराला जिझाई ओकिमोनो म्हणतात. म्योचिन मुनेआकीने १७१३ साली केलेला लोखंडी ड्रॅगन तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढे याच प्रकारात भुंगे आणि माशाही घडल्या, खऱ्याच मापाच्या.

एक उदाहरण मात्र माझ्या म्हणण्यात बसत नाही, तरी ते सोडवत नाही. सोळाव्या शतकातला न्यूरेंबर्गचा सोनार वेंत्सेल याम्नित्सर. त्याचं काम मुळीच सुटलेलं नव्हतं, तो राजेरजवाड्यांचा सोनार होता. तो खरीखुरी पाल किंवा किडा घ्यायचा, त्याभोवती बारीक लगद्याचा साचा भरायचा आणि साचा भट्टीत घालायचा. आतला जीव जळून राख व्हायचा, राख झटकली की जी पोकळी उरे तिच्यात चांदी ओतायची. पालीच्या कातडीचा दाणा न् दाणा त्या चांदीत उतरे. हुबेहूबपणाची ही किंमत वाचली तेव्हा मला बरं वाटलं नाही. आजही काही जण खरे भुंगे आणि विंचू रेझिनमध्ये गोठवून विकतात. ते मी घेत नाही.

काचेची गोष्ट जरा निवांत सांगायला हवी. समुद्रातले मऊ जीव, म्हणजे जेलीफिश, समुद्रफुलं, गोगलगाईचे भाऊबंद, स्पिरिटच्या बाटलीत ठेवले की रंग सोडतात आणि आकसून गोळा होतात. वाघाचं कातडं भुसा भरून ठेवता येतं, जेलीफिशचं काय भरणार? संग्रहालयांची ही अडचण लिओपोल्ड ब्लाश्का या बोहेमियातल्या माणसाने सोडवली. त्याचं घराणं काचेचे दागिने आणि काचेचे डोळे करणारं. पत्नी आणि वडील गेल्यानंतर १८५३ साली तो अमेरिकेला निघाला. वाटेत वारा पडला आणि जहाज समुद्रात अडकून राहिलं. रात्री पाण्यात चमकणारे जीव तो बघत बसला, त्यांची चित्रं काढत राहिला. दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, ड्रेस्डेनच्या संग्रहालयाने त्याच्याकडून समुद्रफुलांचे नमुने करून घेतले. पुढे तो आणि त्याचा मुलगा रुडॉल्फ यांनी शेकडो जातींचे सागरी जीव काचेत उतरवले आणि ते जगभरच्या संग्रहालयांत गेले. नंतर हार्वर्डसाठी काचेची फुलं करण्यात रुडॉल्फची कामाची उरलेली वर्षं गेली, १९३६ पर्यंत. त्याला मूलबाळ नव्हतं, शागीर्दही नव्हता. ते काम तिथेच संपलं.

आमच्या आजोळी कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील होता. त्याची काच आजी राखेने पुसायची आणि पोरांना हात लावू द्यायची नाही. ब्लाश्कांच्या जेलीफिशचे फोटो पाहताना मला ती काच आठवते.

इंग्लंडमध्ये जे झालं त्याने माझ्या मनातलं सूत्र पक्कं केलं. लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक काढले. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं आणि लगेच उलटं करून बाहेर सोडायचं. साच्याला धरलेला पातळ थर तेवढा राहतो. शिसं कमी लागे, त्यामुळे जर्मन भरीव सैनिकांपेक्षा हे स्वस्त पडत. घराघरांत पलटणी उभ्या राहिल्या. मग पहिलं महायुद्ध झालं. ज्या घरातला मुलगा खंदकातून परत आला नाही, त्या घरात शिशाचा सैनिक कोण आणणार? १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच कंपनीने शेत काढलं. गाई, मेंढ्या, डुकरं, कोंबड्या, शेतकरी, शेतकरीण. त्यामागोमाग प्राणिसंग्रहालयही आलं. ओतण्याची पद्धत तीच होती, फक्त साच्यात आता बंदुकीऐवजी कासरा होता. त्या काळातली पाय वाकलेली एक शिशाची गाय माझ्याकडे आहे आणि सगळ्या कपाटात मला तीच सर्वांत प्रिय आहे. विषारी म्हणून १९६६ मध्ये तिथली शिशाची खेळणी थांबली. सागवान नव्हे पण ओकच्या लाकडी कपाटात ठेवलं तर शिसं पांढरं पडून भुकटी होतं, म्हणून ही गाय मी काचेच्या डबीत ठेवली आहे.

नंतरचा काळ प्लास्टिकचा, तो बऱ्याच जणांना ठाऊक आहे. जर्मनीची श्लाइश कंपनी १९३५ ची, पण तिची ओळख असलेली जनावरं बरीच नंतरची. अमेरिकेची सफारी १९८२ ची. लुप्त होत चाललेल्या प्राण्यांच्या पत्त्यांपासून तिची सुरुवात झाली. नव्याने जमवणाऱ्यांना एक सांगून ठेवतो: पोटाखाली कोरलेलं साल हे ती मूळ मूर्ती घडवल्याचं साल असतं. वस्तू त्यानंतर दहा वर्षांनी कारखान्यातून निघालेली असू शकते. साल दाखवून जास्त पैसे मागणारे खूप भेटतात.

आपल्याकडे मात्र प्लास्टिकची जनावरं खेळण्यांच्या दुकानातून नव्हे, मोरीतल्या फळीवरून आली. रेडिओ सिलोनमुळे घराघरांत पोचलेल्या बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात इंचभर उंचीचं एखादं जनावर निघायचं. कधी ससा, कधी जिराफ, कधी मासा. पेस्ट संपायच्या आत नवं खोकं आणायचा हट्ट माझ्या वडिलांच्या पिढीने केला. आमच्याकडे त्यातली २३ शिल्लक होती, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. बेंदराची ती पहिली जोडीही त्याच डब्यात.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. गावभागातली आमची खालची खोली पूर्ण पाण्यात होती. पाणी उतरल्यावर डबा सापडला तो झाकण उघडलेला, आत बोटभर गाळ. पिठाच्या चाळणीत घालून आईने आणि मी तो गाळ नळाखाली धुतला. २३ पैकी १९ मिळाली, ससा धरून. बैलांची जोडी कच्च्या मातीची होती. ती त्या गाळातच होती, पण गाळातून वेगळी कशी करणार?

जपानमध्येही प्लास्टिकची लाट खाऊच्या खोक्यातूनच आली. ओसाकाकडची कायोदो ही १९६४ साली सुरू झालेली मॉडेलची छोटी दुकानदारी. तिने फुरुता या चॉकलेटवाल्यांसाठी १९९९ मध्ये अंड्याच्या आकाराच्या चॉकलेटमध्ये घालायला जपानमधले प्राणी केले. शिनोबू मात्सुमुरा या शिल्पकाराच्या मूळ मूर्ती. सुट्या भागांत येणारा, जोडायचा, अंगठ्याएवढा प्राणी. पण पंजाची नखं मोजून घ्यावीत इतका नेमका. मोठी माणसं चॉकलेट बाजूला सारून प्राणी जमवू लागली. मुलांचं खेळणं आणि जाणत्याचा संग्रह यांच्यातली भिंत माझ्या मते तिथे पडली. किड्यांनाही खरा मान तिथेच मिळाला. बांदाई या खेळण्यांच्या कंपनीने २०१८ मध्ये नाण्याच्या यंत्रातून मिळणारा एक मोठा पिल बग, म्हणजे ओलसर मातीत दगडाखाली राहणारा छोटा किडा, काढला. तो खऱ्यासारखाच अंग दुमडून गोळी होतो, आणि गोळी झाली की तीच त्याची डबी. किड्यांच्या बाबतीत लघु प्रतिकृती हा शब्द तसा उलटाच आहे. हत्ती आपण लहान करतो, मुंगी मोठी करतो, आणि दोघंही शेवटी तळहातावर मावतील अशा मापाला येतात.

इथे बसून हे सगळं जमवणं गेल्या काही वर्षांत अवघड झालं. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. मुलांच्या तोंडात विषारी रंग जाऊ नये हा हेतू मला शंभर टक्के मान्य आहे. पण परदेशातली छोटी कंपनी चार डझन विंचवांसाठी ते चिन्ह घ्यायला येत नाही, हेही खरं. त्यामुळे माझी नजर परत आपल्या मातीकडे वळली.

आणि आपल्या मातीत यातली सर्वांत विलक्षण गोष्ट आहे, बत्तीस शिराळ्याची. आख्यायिका अशी: नागपंचमीला एक गृहिणी मातीच्या नागाची पूजा करत होती, त्यामुळे दारी आलेल्या गोरक्षनाथांना भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथांनी विचारलं, जिवंत नागाची पूजा करशील का? तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग पुजले जाऊ लागले. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, प्रकरण न्यायालयात गेलं, नागांचे खेळ आणि मिरवणुका बंद झाल्या आणि प्रतिमेची पूजा पुढे आली. मातीतून जिवंत झालेला नाग फिरून मातीत आला. तिथल्या कित्येकांना त्याचं दुःख आहे हे मला माहीत आहे. त्यांच्याशी बोलताना मी आवाज खाली ठेवतो. पण फणा काढलेला मातीचा नाग हातात घेतला की मला तो कमी वाटत नाही.

मला आजवर खिलार बैलाची हुबेहूब प्रतिकृती कुठल्याच कंपनीची मिळालेली नाही. शेकरूचीही नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी, ज्यांच्याकडून आम्ही बेंदराची जोडी घेतो त्या कुंभारकाकांना विचारलं. घरात फ्रीज आल्यापासून त्यांचे माठ जात नाहीत, चाक वर्षातले आठ महिने उभंच असतं. मी मोबाइलवर खिलाराचे फोटो दाखवले. त्यांनी एक-दोन पाहिले आणि मोबाइल परत केला.

"फोटोत शिंगं एकाच अंगानं दिसत्यात. बैल दाव."

पौषात आम्ही आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीच्या जत्रेला गेलो. सिद्धनाथाचं दर्शन घेतलं आणि जनावरांच्या बाजारात शिरलो. काकांनी एका पांढऱ्या खोंडाभोवती तीन चकरा मारल्या, मालकाला विचारून त्याच्या वशिंडावर हात फिरवला. मग खिशातून कागदात गुंडाळलेला मातीचा ओला गोळा काढला आणि तिथेच, धुरळ्यात उकिडवे बसून, मागे झुकून पुन्हा वर वळणारं पहिलं शिंग ओढायला घेतलं.