बुडाला तो बंधारा, पूल नव्हे

जुलैत चार दिवस पाऊस लागून राहिला की पुण्याहून आतेभावाचा फोन ठरलेला. "दादा, गावचा पूल बुडाला म्हणे! बरे आहात ना सगळे?"

अरे बाबा, बुडाला तो बंधारा. दरसाल बुडतो.

पूल काय ते सांगत बसत नाही. कोल्हापुरात पंचगंगेवरचा ब्रिटिश काळातला शिवाजी पूल डोळ्यांसमोर आणा: दगडी कमानी, खाली नदी, वर रस्ता. ओढ्यावरचा साकव म्हणजे त्याचंच शेंडेफळ.

घोळ होतो तो कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचा. तोही दगडी, त्यालाही खांब, आणि वरून माणसं, सायकली, वैरणीचे भारे जातात. मग कुणीतरी फोटो टाकतं, खाली लिहितं, 'गावचा ऐतिहासिक दगडी पूल'. डोकंच फिरतं.

दोन खांबांच्या मधे बघा. पुलाचे गाळे ऐसपैस, बारा महिने मोकळे. बंधाऱ्याचे गाळे अरुंद, आणि खांबाच्या अंगाला वरून खालपर्यंत उभी खाच. हात फिरवला तरी लागते. त्या खाचांत एकावर एक बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवतात, लाकडी नाहीतर लोखंडी. जुनी रीत म्हणजे बरग्यांच्या दोन ओळी आणि मधल्या पोकळीत ठासून भरलेली माती. पावसाळा सरला की बरगे घालायचे, अडवलेल्या पाण्यावर ऊस जगवायचा. पुढच्या पावसाआधी सगळे बरगे काढायचे, म्हणजे पूर अंगावरून निघून जातो. जानेवारीत त्याच बंधाऱ्यावर उभे राहा. एकीकडं पाणी तुडुंब, दुसरीकडं गुडघाभर, धुण्याचे दगड उघडे. पुलाच्या दोन्ही अंगांना असा फरक कधी दिसायचा नाही.

वरची वाट ही जोडीला मिळालेली सोय. ती ठेंगणीच असते, कठडा असला तर नावाला. म्हणून पुरात तिच्यावर पाय घालू नये, पाणी घोट्याएवढं दिसलं तरी.

आता बातम्यांतलं बघा. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी मोजतात. इशारा 39 फुटांवर, धोका 43 वर. बंधारा पाण्याखाली जातो तो त्याच्या कितीतरी आधी. त्या दिवशी आम्ही फार तर लांबच्या रस्त्यानं जातो. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हा काळजीचा फोन रास्त होता.

आतेभावाला हल्ली उलट विचारतो, "फूट किती सांगितले?"