खाच जिथे गप्प बसते

"मामा, हे सगळं एकमेकांत बसेल ना?"

नागपूरहून भाच्याने यादी पाठवली होती आणि खाली एवढाच प्रश्न. गेमिंगचा पीसी त्याला स्वतः जोडायचा होता. रायझन ५ ९६००एक्स प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड (बाकी सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड), आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, माहिती साठवायला एक एम.२ एसएसडी. रॅम तेवढी घरच्या जुन्या कॉम्प्युटरमधली काढून लावणार होता, डीडीआर४ म्हणजे मागच्या पिढीची.

रॅमची ती एक ओळ सोडली तर सगळं बसणार होतं. मला काळजी वाटत होती ती नेमकी बसणाऱ्या वस्तूंची.

रॅमचं आधी सांगतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या पट्ट्या शेजारी ठेवल्या तर पटकन ओळखू येत नाहीत. लांबी सारखी, खालच्या सोनेरी पिनाही दोन्हींवर २८८. पण त्या पिनांच्या रांगेत एक खाच असते. एक पट्टी दुसरीवर धरून उजेडात पाहिलं की कळतं, दोघींची खाच एका रेषेत नाही. स्लॉटमध्ये त्या खाचेपुरता एक उंचवटा असतो, त्यामुळे चुकीच्या पिढीची पट्टी तिथे अडते. हे अडणं फार मोलाचं आहे. डीडीआर४ ला बोर्डाकडून तयार १.२ व्होल्ट लागतात. डीडीआर५ च्या पट्टीला बोर्ड थेट ५ व्होल्ट देतो आणि पट्टीवरची एक छोटी चिप त्याचे १.१ व्होल्ट करून घेते. खाच नसती तर काय झालं असतं, याचा हिशेब करायची गरज नाही. भाच्याच्या बोर्डाला डीडीआर५ च लागते, म्हणून त्याची रॅम बाद झाली, नवी डीडीआर५ यादीत आली.

म्हणजे खाच ही कारखान्याने आपल्यासाठी लिहून ठेवलेली सूचना आहे. पण ती प्रत्येक ठिकाणी नसते, आणि घोळ होतात ते तिथेच.

एसएसडीच पाहा. एम.२ ची च्युइंगगमएवढी पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, म्हणून तिला २२८० म्हणतात. या आकारात दोन वेगळ्या भाषा बोलणाऱ्या पट्ट्या मिळतात, एनव्हीएमई आणि सॅटा. बोर्डावरचा स्लॉट फक्त एनव्हीएमई जाणणारा असला तरी सॅटावाली पट्टी त्यात आरामात बसते, स्क्रूही लागतो. आणि बोर्डाला ती दिसतच नाही. जळत काही नाही, दिसतही काही नाही.

ग्राफिक्स कार्डाच्या लांब स्लॉटचंही तसंच. अनेक बोर्डांवर तसे दोन असतात, पण प्रोसेसरकडे जाणाऱ्या माहितीच्या पूर्ण १६ मार्गिका वरच्यालाच असतात. खालच्याची लांबी तेवढीच, आत मात्र बहुधा चारच. कार्ड तिथेही चालतं, फक्त अरुंद रस्त्याने.

प्रोसेसर सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या त्याच्या चौकटीत, बसला तरी बोर्ड त्याला ओळखेलच असं नाही. इंटेलच्या एलजीए ११५१ सॉकेटचा किस्सा या धंद्यात अजून सांगितला जातो. २०१५ मध्ये हे सॉकेट आलं. २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आले तेव्हा आकार तोच, वीज आणि संकेत नेणारे संपर्कही तेवढेच ११५१. पण जुन्या बोर्डावर ते चालत नव्हते. कोर वाढल्यामुळे काही राखीव संपर्क विजेसाठी वापरले आहेत, असं कारण दिलं गेलं. हौशी लोकांनी मग काही संपर्कांवर चिकटपट्टी लावून आणि बायॉसमध्ये, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, फेरफार करून काही जुन्या बोर्डांवर ते चालवूनही दाखवले! म्हणजे अडसर तांब्याचा होता त्याहून जास्त सॉफ्टवेअरचा होता.

भाच्याच्या यादीत हाच धोका लपला होता. बी६५० चे बोर्ड २०२२ मध्ये आले, ९६००एक्स आला २०२४ मध्ये. सॉकेट एकच, एएम५. पण दुकानाच्या फळीवर दोन वर्षं पडून राहिलेल्या बोर्डाच्या बायॉसला हा प्रोसेसर माहीतच नसतो. "बायॉस अपडेट करूनच द्या," एवढं दुकानदाराला सांगायचं, नाहीतर फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्यायचा. त्यात प्रोसेसर न लावता नुसत्या पेनड्राइव्हवरून बायॉस भरता येतो.

सगळ्यात वाईट गप्प बसणारी जागा पॉवर सप्लायची. ते मी पैसे मोजून शिकलो आहे. माझा पॉवर सप्लाय बिघडला होता. नवा आणला, दोन्ही मॉड्युलर, म्हणजे वायरी दोन्ही टोकांना सुटणाऱ्या. जुन्या वायरी कॅबिनेटमध्ये छान ओवून बांधलेल्या होत्या. पुन्हा कोण उपसत बसणार, म्हणून त्याच नव्या सप्लायला जोडल्या. प्लग टक् करून बसले. बटण दाबलं, जळकट वास आला आणि फोटोंची हार्ड डिस्क गेली.

झालं असं, की वायरीचं डिस्ककडचं टोक जगभर एकाच नियमाने बनतं. सप्लायकडच्या टोकाला मात्र असा कुठलाच सर्वमान्य नियम नाही. कुठल्या भोकात १२ व्होल्ट आणि कुठल्यात ५, हे बनवणारा ठरवतो; एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळं असू शकतं. माझ्या डिस्कच्या ५ व्होल्टच्या वाटेने १२ व्होल्ट आले. साध्या रोधकात उष्णता व्होल्टच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे जवळजवळ पावणेसहा पट. चिपला तेवढीही उसंत मिळत नाही. तेव्हापासून सप्लाय बदलला की वायरीसकट बदलतो. भाच्यालाही जुन्या वायरींची पिशवी कुणाला देऊन टाक म्हटलं नाही, फेकायला लावली.

वॅटचा हिशेब त्या मानाने सोपा. हा प्रोसेसर मूळ सेटिंगवर जास्तीत जास्त ८८ वॅट ओढतो, कार्ड ११५, बाकीच्याला ५० धरा. अडीचशेच्या आसपास. चांगला ५५० वॅटचा सप्लाय पुष्कळ झाला. साडेआठशेचा घ्यायला सांगणारे मित्र सगळ्यांनाच असतात.

नागपूरसाठी एक गोष्ट वेगळी पाहावी लागली, प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर. या प्रोसेसरबरोबर पंखा येत नाही आणि त्याची तापमानाची मर्यादा ९५ अंश. कूलर चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पुण्यात २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांची मोकळीक मिळते, मे महिन्यात नागपुरात ४२ च्या खोलीत ५३ ची. चिप जळत नाही, वेग कमी करून स्वतःला सांभाळते. पण मग महागाच्या प्रोसेसरचा उपयोग काय! म्हणून जरा उंच टॉवर कूलर घेतला, कॅबिनेटच्या रुंदीत मावतो की नाही ते मोजून.

एका रविवारी जोडणी झाली. लगेच फोन, "मामा, पंखे फिरतायत, स्क्रीन काळीच आहे. उघडू का?"

"हात लावू नकोस. थांब."

डीडीआर५ चा बोर्ड पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा तो रॅमशी जमवून घेत असतो. सेकंदाला ६०० कोटी वेळा माहिती पाठवायची, तर एका बिटच्या वाट्याला सेकंदाचा सहा अब्जावा भाग येतो. तेवढ्या वेळात प्रकाश पाच सेंटिमीटर जातो, बोर्डावरच्या तांब्यातला संकेत त्याच्या साधारण निम्मा. म्हणजे पहिला बिट रॅमपर्यंत पोचायच्या आत दुसरा मागून निघालेला असतो. प्रत्येक रेषेची लांबी आणि उशीर किंचित वेगळा. बोर्ड एकेका रेषेवर ठरावीक नमुने पाठवतो, परत वाचतो, कुठल्या क्षणी वाचलं तर बरोबर येतं ते नोंदवतो. कुठलीही खाच हे आधी सांगू शकत नाही, प्रत्येक बोर्डाला ते स्वतःच मोजावं लागतं.

तीनेक मिनिटांनी लोगो आला. दहा मिनिटांनी पुन्हा फोन, या वेळी रागात. "६००० ची रॅम म्हणून पैसे घेतले, इथे ४८०० दाखवतंय!" फसवणूक नव्हती. मूळ सेटिंगवर बोर्ड सावधपणे कमी वेगाने चालतो; पाकिटावरचा वेग हवा तर बायॉसमध्ये जाऊन एक्स्पो नावाची सेटिंग चालू करावी लागते. त्याने केलं, रीस्टार्ट दिलं. स्क्रीन परत काळी झाली असणार, नव्या वेगासाठी सगळं मोजमाप पहिल्यापासून. मी फोन हातातच धरून बसलो होतो, पण या वेळी तो वाजला नाही.