डिस्क शेल्फचे कंट्रोलर कार्ड

सर्व्हरबाहेर ठेवलेल्या, स्वतंत्र वीजपुरवठा व पंखे असलेल्या डिस्कपेटीला (डिस्क शेल्फ) सर्व्हरशी जोडणारे पीसीआय एक्सप्रेस कार्ड. ते डिस्क जशाच्या तशा सर्व्हरला दाखवणारे साधे होस्ट अ‍ॅडॉप्टर असते किंवा रेड रचना (एखादी डिस्क निकामी झाली तरी माहिती टिकावी म्हणून अनेक डिस्क एकत्र बांधण्याची मांडणी) स्वतः सांभाळणारे असते. निवडीचा वाद मुख्यतः या दोहोंमधला आहे.

गोव्यात अशा साठ्याची गरज कागदपत्रांच्या संग्रहांवरून सहज लक्षात येते. पणजीतील पुराभिलेखागाराचा आरंभ १५९५ चा मानतात. दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला अभिलेखपाल. कृष्णदास शामा ग्रंथालयाचे मूळ १८३२ पर्यंत मागे जाते. ए-४ आकाराचे एक पान ६०० डीपीआयने रंगीत स्कॅन केल्यास असंपीडित फाइल सुमारे १०४ एमबीची होते, म्हणजे लाखभर पानांना १० टीबीहून अधिक जागा लागते, आणि ती एकाच प्रतीसाठी.

शेल्फजोडणीची परंपरा शुगार्ट असोसिएट्स या कंपनीच्या ‘सासी’ या डिस्कजोडणीच्या पद्धतीपासून धरतात. तिचा काळ काही जण १९७९ च्या सुमाराचा सांगतात. तपशील जाहीर झाले ते १९८१ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. १९८६ मध्ये ती ‘स्कझी’ या नावाने प्रमाणित झाली. आजचे ‘सॅस’ हे तिचेच क्रमिक (एकामागून एक बिट पाठवणारे) रूप असून त्याच्या पिढ्यांचा वेग सेकंदाला ३, ६ व १२ गिगाबिट असा वाढत गेला. ‘रेड’चे श्रेय सामान्यतः पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांच्या १९८८ च्या बर्कलीतील निबंधाला दिले जाते. मात्र निकामी डिस्कवरील माहिती परत मिळवण्याच्या पद्धतीचे पेटंट आयबीएमचे नॉर्मन केन औची यांना १९७८ मध्येच मिळाले होते. तेव्हा वर्गीकरण व नाव बर्कलीचे, कल्पना मात्र त्याआधीची, असे म्हणणे सयुक्तिक.

रेड कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत लिहायची माहिती तात्पुरती थांबते; वीज गेल्यास ती बहुधा बॅटरीच्या आधाराने टिकते. उष्णतेत बॅटरी लवकर थकते; मग कार्ड माहिती थेट डिस्कवर लिहिण्याच्या सावध पद्धतीवर जाते आणि लेखन मंदावते. शिवाय कार्ड बिघडल्यास रचना वाचायला बहुधा त्याच घराण्यातील कार्ड शोधावे लागते. झेडएफएससारख्या, रेडचे काम स्वतःच करणाऱ्या फाइल प्रणालींना डिस्क थेट दिसाव्या लागतात, म्हणून आयटी मोडमधील (रेड न करता डिस्क नुसत्या पुढे दाखवणारा) अ‍ॅडॉप्टर अधिक पसंत केला जातो. एलएसआय या कंपनीच्या (पुढे ब्रॉडकॉम) २००८, २३०८ व ३००८ या चिपांची कार्डे यात रुळलेली आहेत. २००८ व २३०८ साठी विसाव्या टप्प्यातील फर्मवेअरची (कार्डातील अंगभूत सॉफ्टवेअरची) २०.००.०७.०० ही आवृत्ती जाणकार वापरतात. त्याच टप्प्यातील सुरुवातीची आवृत्ती टाळतात. जुनी १०६८ई चिप २ टीबीहून मोठी डिस्क पूर्ण ओळखत नाही; स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नये.

वेगाची चिंता बहुधा अनाठायी. ६ गिगाबिटच्या चार पदरी केबलमधून सेकंदाला सुमारे २.४ जीबी जातात. १० गिगाबिट नेटवर्क सव्वा जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे अडसर आधी नेटवर्कचाच येतो.

समुद्रकाठच्या खारट, दमट हवेचा परिणाम कार्डाच्या कडेवर व केबलच्या टोकांवर होतो. तांब्याच्या पट्टीवरील गंज महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमहून कमी असेल, तर आयएसए या संस्थेचे औद्योगिक मानक ती हवा सौम्य मानते. पावसाळ्यात रात्री एसी बंद करून खिडक्या उघडण्याची कचेरीतली सवय घातक, कारण थंड धातूवर दंव जमते. ही कार्डे सर्व्हरमधील जोरदार झोताच्या भरवशावर बनवलेली असतात. साध्या कॅबिनेटात बसवल्यास चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर (हीटसिंक) छोटा पंखा लावावा. वीज गेल्यावर शेल्फ व सर्व्हर एकत्रच जगावेत म्हणून दोन्ही एकाच यूपीएसवर असावेत, आणि चालू करताना शेल्फ आधी.

केबलच्या टोकांचे प्रकार वेगवेगळे असतात. ६ गिगाबिटच्या कार्डांना साधारणतः एसएफएफ-८०८८ व १२ गिगाबिटच्या कार्डांना एसएफएफ-८६४४ लागते, तर नेटअ‍ॅपच्या डीएस४२४३ पेटीला क्यूएसएफपी. तांब्याची साधी सॅस केबल १० मीटरपर्यंत चालते. वापरलेल्या पेटीसोबत आलेल्या डिस्क कधी ५२० बाइटच्या सेक्टरांच्या (डिस्कवरील साठ्याच्या लहान तुकड्यांच्या) असतात. त्या ५१२ वर पुन्हा फॉरमॅट केल्याशिवाय चालत नाहीत, आणि हे काम रेड कार्डापेक्षा साध्या अ‍ॅडॉप्टरवर सुलभ होते.