आवाजी मतदान की मतविभागणी? आमदाराला नेमकं कशावर धरायचं

सनातनी वळणाच्या आमदाराविरुद्ध कोल्हापूरच्या बिंदू चौकातल्या सभेत किंवा निवडणुकीच्या पत्रकात एक आरोप हमखास होतो: 'यांनी महिलांच्या हिताच्या कायद्याविरुद्ध मत दिलं.' आरोप खरा असेल तर तो ठणकावून व्हायलाच हवा. राजर्षी शाहूंच्या कोल्हापुरात तर हवाच. पण आधी एवढं तपासा, त्या दिवशी सभागृहात आवाजी मतदान झालं होतं की मतविभागणी?

आवाजी मतदानात अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात. बाकांवरून 'होय', 'नाही' असे आवाज उठतात, अध्यक्ष 'होयचे बहुमत' म्हणतात आणि विधेयक संमत होतं. कोण होय म्हणालं, कोण गप्प बसलं, कोण त्या वेळी बाहेर होतं, याची नावानिशी नोंद राहत नाही. आणि आपली बहुतेक विधेयकं अशीच संमत होतात.

मतविभागणीत मतं मोजली जातात: बटण दाबून, चिठ्ठ्यांवर किंवा शिरगणतीनं. 4 जुलै 2022 ला शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर एकेक आमदार उभा राहून आपलं नाव आणि क्रमांक सांगत होता. निकाल 164 विरुद्ध 99. तिथं कुणाला लपायला जागाच नव्हती. याउलट 12 नोव्हेंबर 2014 ला फडणवीस सरकारनं विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानं जिंकला. शिवसेना आणि काँग्रेसनं मतविभागणीसाठी गदारोळ केला, ती झाली नाही. सरकार टिकण्यासारख्या प्रश्नावर आपल्या आमदारानं काय केलं हे मतदाराला कळू नये, हे मला आजही गैर वाटतं.

घटनादुरुस्तीला मात्र विशेष बहुमत लागतं, म्हणून मोजणी टळत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी संमत झालं, ते त्यामुळंच इतकं स्पष्ट दिसतं.

आकड्यांतही एक खाच आहे. 30 नोव्हेंबर 2019 ला ठाकरे सरकारच्या बाजूनं 169 मतं पडली, विरोधात शून्य, चार जण तटस्थ. मग विरोधच नव्हता का? होता, पण भाजपचे आमदार सभात्याग करून बाहेर पडले होते. 'विरोधात मत दिलं नाही' याचा अर्थ 'पाठिंबा दिला' असा होत नाही.

शिवाय व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, आहे. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळं पक्षादेश मोडून मत देणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते. म्हणून मतात बऱ्याचदा पक्ष बोलतो. माणूस कळतो तो भाषणात, मांडलेल्या दुरुस्तीत. सनातनी आमदाराचा खरा कस तिथं लागतो, आणि ही भाषणं कार्यवाहीत शब्दशः छापलेली असतात. ती काढून वाचायचा कंटाळा करू नका. एक चुकीचं वाक्य पत्रकात गेलं की आमदाराला 'दाखवा माझं मत' म्हणायची सोय होते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

मतविभागणी झाली असेल आणि त्यात त्यांचं मत विरोधात नोंदलेलं असेल तर पत्रकात तारीख घालून सरळ 'विरोधात मत दिलं' लिहा. आवाजी मतदान असेल तर भाषणातलं त्यांचंच वाक्य तारखेसह छापा. ते चर्चेत बोललेच नसतील तर तसं लिहा, आणि पुढच्या सभेत त्यांना सगळ्यांदेखत विचारा: साहेब, त्या दिवशी तुम्ही 'होय' म्हणालात की 'नाही'?